फोर-के खेळायचं म्हणजे सर्वांत महागडं कार्डच लागतं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पुण्यात आयटीत नोकरी, वय एकतीस, घरी पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी. २०२१ साली जुळवलेला पीसी आहे. त्यात रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड आणि ६५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. टेबलावर २७ इंची १४४०पी मॉनिटर. यंदा हॉलमध्ये ५५ इंची, १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० चित्रं दाखवणारा) फोर-के टीव्ही आला आणि तेव्हापासून टेबलावर खेळावंसं वाटेना. बोनस धरून अडीच लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. मित्रांच्या ग्रुपवर एकमत आहे, "फोर-के म्हणजे ५०९०, बाकी सगळी तडजोड." (५०९० म्हणजे एनव्हिडिया कंपनीच्या ५० मालिकेतलं सर्वांत वरचं कार्ड.) त्यांच्याच ओळखीतला एकजण बिलाशिवाय जुनं, आधीच्या मालिकेतलं ४०९० विकायला तयार आहे. पत्नी म्हणते, "तुझे पैसे, तू ठरव," आणि त्यानंतर निर्णय घेणं आणखी अवघड झालं आहे. मुलगी झोपली की हे रोज तुलनेचे तक्ते आणि व्हिडिओ पाहत बसतात. गेम मात्र कित्येक आठवड्यांत उघडलेला नाही. विचारतात, "एकदाच सर्वांत वरचं घेऊन टाकू का, म्हणजे पाच वर्षं बघायला नको? की हा वेडेपणा आहे?"

नमस्कार,

तुमच्या पत्रात कार्डांचे आकडे भरपूर आहेत. कोअर किती, मेमरी किती, कोणत्या गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं. सोफा टीव्हीपासून आठ-नऊ फुटांवर आहे हे मात्र तुम्ही जाता जाता, कंसात लिहिलं आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या कंसातच आहे.

आधी वेडेपणाबद्दल. स्वतःच्या कमाईतून, कर्ज न काढता, आवडीच्या गोष्टीवर पैसे खर्च करण्यात वेडेपणा काही नाही. कुणी दुचाकीवर करतं, कुणी ट्रेकच्या सामानावर, कुणी तबल्यावर. तेव्हा अपराधीपणा बाजूला ठेवा, कारण तो असला की माणूस एकतर घेतच नाही, नाहीतर घाईघाईने सर्वांत मोठं घेऊन विषय संपवतो. आपल्याला शांतपणे हिशेब करायचा आहे.

तुमचे मित्र म्हणतात त्यात तथ्य आहे, तेही नीट समजून घेऊ. १०८०पीच्या पडद्यावर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३७ लाख आणि फोर-केवर ८३ लाख. म्हणजे तुमच्या टेबलावरच्या मॉनिटरच्या सव्वादोन पट काम. प्रत्येक फ्रेमला ८३ लाख पिक्सेल खरेखुरे काढायचे, सगळी सेटिंग अल्ट्रावर, त्यात प्रकाशाचा प्रत्येक किरण हिशेबात धरणारं पाथ ट्रेसिंग, असं म्हटलं तर ५०९० सुद्धा धापा टाकतं. तक्त्यांमध्ये हीच परिस्थिती मुद्दाम घेतात. परीक्षण करणाऱ्याला कार्डाकार्डांतला फरक दाखवायचा असतो, म्हणून तो सर्वांत वेगवान प्रोसेसर लावतो, सर्वांत जड सेटिंग ठेवतो आणि चित्र नेटिव्ह, म्हणजे प्रत्येक पिक्सेल खराखुरा, काढायला लावतो. परीक्षणाची ती योग्य रीत आहे. पण त्यातून 'कोणतं कार्ड मोठं' एवढंच कळतं. तुम्हाला जाणून घ्यायचंय ते वेगळं आहे: तुमच्या सोफ्यावरून, तुमच्या टीव्हीवर, तुम्हाला काय दिसेल? ते कुठल्याच तक्त्यात मिळणार नाही.

मग ते शोधायचं कसं? टेप घ्या आणि तुमच्या डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा. निरोगी नजरेला दोन बिंदू वेगळे ओळखायला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन लागतो. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद असतो. त्यात ३८४० पिक्सेल, म्हणजे एकेक पिक्सेल ०.३२ मिलिमीटरचा. तो सुटा दिसायला साडेतीन फुटांवर बसावं लागेल. त्याच पडद्यावर १४४०पीचं चित्र लावलं तर पिक्सेल जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा होतो, आणि तो साडेपाच फुटांच्या आसपासपर्यंत ओळखू येतो. १०८०पीचा पिक्सेल सात फुटांपर्यंत. तुम्ही बसता आठ-नऊ फुटांवर!

हे गणित शेवटचा शब्द नाही. चित्र हलत असताना पानांच्या कडा, विजेच्या तारा, दूरची जाळी थरथरते, आणि ती थरथर लांबूनही जाणवते. म्हणून नुसतं १०८०पीचं चित्र ताणून लावलं तर ते खटकेलच. पण एनव्हिडियाच्या डीएलएसएससारखं तंत्र चित्र नुसतं ताणत नाही. आधीच्या फ्रेममधली माहिती आणि वस्तू कुठून कुठे सरकल्या याची नोंद वापरून ते मोठं चित्र उभं करतं. टीव्ही फोर-केवर असताना डीएलएसएस 'क्वालिटी'वर ठेवलं की कार्ड आतून २५६० बाय १४४० चं चित्र काढतं, 'परफॉर्मन्स'वर ठेवलं की १९२० बाय १०८० चं. उरलेलं काम ते तंत्र करतं. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या नव्या कार्डांवर एफएसआर ४ हेच करतं.

आता तुमच्या फायद्याची गोष्ट. जानेवारी २०२५ मध्ये डीएलएसएसचं जे नवं मॉडेल आलं, त्यातला चित्र मोठं करण्याचा भाग जुन्या आरटीएक्स कार्डांवरही चालतो. तुमच्या ३०७० वरही. म्हणजे ५०९० त्या सेटिंगवर जसं चित्र दाखवील, जवळपास तसंच तुमचं कार्ड आजच दाखवू शकतं. फ्रेम कमी येतील, इतकंच. तुम्हाला दोन गोष्टी विकत घ्यायच्या आहेत, चित्र आणि वेग. त्या दोन्ही एक रुपया न खर्चता, वेगवेगळ्या करून, घरीच पाहून घेता येतात. आठवडेच्या आठवडे तक्ते बघण्यापेक्षा यात एक संध्याकाळ गेलेली बरी.

पीसी हॉलमध्ये आणा. केबल टीव्हीच्या १२० हर्ट्झ चालणाऱ्या एचडीएमआय २.१ पोर्टातच लावा. बऱ्याच टीव्हींवर चारपैकी दोनच पोर्ट तसे असतात, आणि जुनी केबल असेल तर ६० हर्ट्झवरच अडकते. टीव्हीवर गेम मोड सुरू करा. मग भरपूर झाडी किंवा वस्ती असलेला गेम लावून एका जागी उभे राहा. टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरचं चित्र) मात्र एक पायरी खाली ठेवा, नाहीतर ३०७० ची ८ जीबी मेमरी भरून फ्रेम अडखळतील आणि तुलना बिघडेल. आता कीबोर्ड पत्नीच्या हातात द्या आणि तुम्ही तोंड फिरवा. त्यांनी नेटिव्ह, क्वालिटी, बॅलन्स्ड आणि परफॉर्मन्स यांतलं काहीही लावावं, मग तुम्ही वळून सांगावं की कोणतं आहे. थोडं चालून, कॅमेरा फिरवूनही बघा. जे सेटिंग तुम्हाला सोफ्यावरून खात्रीने ओळखता येत नाही, त्याच्या वरच्या सेटिंगसाठी पैसे मोजायचं कारण उरत नाही. आणि ओळखता आलं, खटकलं, तर तेही प्रामाणिकपणे लिहून ठेवा. काहींची नजर खरोखर तेवढी चिकित्सक असते.

दुसरी परीक्षा वेगाची. तुमच्याकडचा एखादा जुना, हलका गेम घ्या, जो ३०७० वर फोर-केला १२० फ्रेम गाठतो. कार्डाच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये कमाल फ्रेमची मर्यादा घालता येते. ती ४०, ६०, ९०, १२० अशी बदलत प्रत्येक वेळी जरा खेळा, आणि तुम्ही खेळता तसंच खेळा, म्हणजे हातात कंट्रोलर घेऊन. ३० वरून ६० फ्रेमवर गेलं की प्रत्येक फ्रेममागे जवळपास १७ मिलिसेकंद वाचतात. ६० वरून ९० ला साडेपाच. ९० वरून १२० ला तीनहूनही कमी. माऊस घेऊन स्पर्धेचे शूटर खेळणाऱ्याला तेही जाणवतात. सोफ्यावर बसून कथेचा गेम खेळणाऱ्या बऱ्याच जणांना ७०-८० च्या पुढे सांगता येत नाही. तुमचा आकडा कोणता, हे तुमच्या हातांना विचारा.

आता तुम्ही उतरवून पाठवलेल्या त्या तक्त्याविषयी, ज्यात ५०९० च्या नावापुढे अडीचशेच्या वर फ्रेम आहेत. त्या चारपट मल्टी फ्रेम जनरेशनच्या आहेत. त्यात ५० मालिकेच्या कार्डांवर एका खऱ्या फ्रेममागे तीन फ्रेम अंदाजाने तयार करून मध्ये घातल्या जातात. हलतं चित्र त्यामुळे सुरळीत दिसतं, हे खरं. पण तुम्ही दाबलेलं बटण गेमपर्यंत पोचतं ते खऱ्या फ्रेमच्या गतीने. आणि तुमचा टीव्ही सेकंदाला १२० च फ्रेम दाखवतो. त्याच्यावर चारपट जनरेशन लावून १२० ची मर्यादा घातली तर खऱ्या फ्रेम उरतात ३०! चित्र १२० चं आणि हाताला लागणारा जडपणा ३० चा. तुमच्या टीव्हीला दुप्पट जनरेशन पुरे, तेही खऱ्या फ्रेम ६० च्या आसपास असतील तेव्हाच. चारपटीचा उपयोग २४० हर्ट्झचा मॉनिटर असणाऱ्यांना. जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासला एनव्हिडियाच्या जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचं ५०७० हे ४०९० ची कामगिरी देईल असं व्यासपीठावरून सांगितलं, त्यामागे हेच गणित होतं. फ्रेम जनरेशन बंद करून चाचण्या झाल्या तेव्हा ५०७० पुष्कळ मागे राहिलं. म्हणून कोणताही तक्ता पाहताना जनरेशन चालू आहे की बंद, हे आधी बघा. सरासरीखाली 'एक टक्का लो' म्हणून जो छोटा आकडा असतो, म्हणजे सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा वेग, तो मी तर आधी वाचते. सरासरी ९५ असून तो आकडा ४० असेल तर खेळताना अडखळल्यासारखं होतं. सरासरी ७५ आणि तो ६२ असेल तर सुरळीत वाटतं.

तुमच्या पत्रात प्रोसेसरचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे, "फोर-केला सीपीयू महत्त्वाचा नसतो ना?" ही समजूत नेटिव्ह फोर-केच्या काळातली आहे, तेव्हा ती खरीही होती. डीएलएसएस परफॉर्मन्सवर कार्ड आतून १०८०पीचं काम करतं, त्यामुळे त्याचा वेग वाढतो आणि सगळा भार पुन्हा प्रोसेसरवर येतो. रे ट्रेसिंग (पाथ ट्रेसिंगचाच हलका प्रकार) त्यात भर घालतं. पंगतीत वाढपी कितीही चपळ असला तरी आचारी देईल तेवढंच तो वाढू शकतो. तुमच्या ५६००एक्सची मर्यादा कुठे आहे तेही आजच कळेल. तुमच्या आवडीच्या जड गेममध्ये, गर्दीच्या ठिकाणी उभे राहून, रिझोल्यूशन ७२०पीपर्यंत खाली आणा, बाकी सेटिंग तशीच ठेवा. जो फ्रेमचा आकडा दिसेल तो साधारण तुमच्या प्रोसेसरचा माथा. तो ७५ आला तर ५०९० लावा की ५०७० टीआय, त्या ठिकाणी खऱ्या फ्रेम ७५ च्या आसपासच राहणार. अशा वेळी दुप्पट फ्रेम जनरेशन उपयोगी पडतं, कारण मधल्या फ्रेमसाठी प्रोसेसरला पुन्हा राबावं लागत नाही. पण अडीच लाखांतले सव्वादोन लाख कार्डात घालून प्रोसेसर तोच ठेवणं हा मला तुमच्या योजनेतला सर्वांत कच्चा दुवा वाटतो.

'पाच वर्षं बघायला नको' या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. ही इच्छा मला समजते. मूल लहान आहे, वेळ कमी आहे, पुन्हा या फंदात पडायचं नाही. पण सर्वांत वरचं कार्ड ती हमी देतं का? मार्च २०२२ मध्ये १९९९ डॉलरला ३०९० टीआय आलं. जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे वर्षही उलटलं नव्हतं तेव्हा, ७९९ डॉलरचं ४०७० टीआय जवळपास त्याच्या बरोबरीला येऊन उभं राहिलं. शिवाय एनव्हिडियाचं फ्रेम जनरेशन ४० मालिकेपासून पुढेच चालतं, ते ३०९० टीआयला मिळालंच नाही. उलट उदाहरणही सांगायला हवं. ऑक्टोबर २०२२ चं ४०९० अजून टिच्चून उभं आहे. त्याच्या नंतर दोन वर्षांहून जास्त काळाने आलेलं ५०८० सुद्धा फोर-केला त्याच्या मागेच आहे. म्हणजे कधी दैव साथ देतं, कधी नाही, आणि घेताना ते कळत नाही. मी पाच वर्षांचा विचार असा करते: आज गरजेपुरतं घ्यायचं, उरलेले पैसे ठेवायचे आणि अडीच-तीन वर्षांनी जुनं कार्ड बिलासह विकून पुढचं घ्यायचं. दोन्ही मिळून खर्च एका ५०९० पेक्षा कमी होण्याचीच शक्यता जास्त, आणि तेव्हाचं नवं तंत्रही हाती येतं.

आता प्रत्यक्ष कार्डं. ५०९० ला ३२ जीबी मेमरी आणि वीज ५७५ वॉटपर्यंत. ५०८० ला १६ जीबी आणि ३६० वॉट. ५०७० टीआयला १६ जीबी आणि ३०० वॉट. भारतात सुरुवातीला जाहीर झालेल्या किमती अनुक्रमे २ लाख १४ हजार, १ लाख ७ हजार आणि ८० हजार होत्या. दुकानात प्रत्यक्ष भाव याहून वेगळा असतो आणि तो हलत राहतो, तरी आपसातलं प्रमाण लक्षात येईल. नेटिव्ह फोर-केला ५०९० हे ५०८० च्या साधारण दीडपट धावतं, किंमत दुप्पट. ५०८० हे ५०७० टीआयच्या साधारण १५ टक्के पुढे, किंमत तिसऱ्या हिश्श्याने जास्त. १५ टक्के म्हणजे ७० फ्रेमच्या जागी ८०. कंट्रोलर हातात असताना हा फरक तुम्हाला सांगता येईल का, ते दुसऱ्या परीक्षेत कळलेलं असेल.

तुमच्या टीव्हीसाठी, तुमच्या अंतरासाठी माझं मत ५०७० टीआयकडे झुकतं. डीएलएसएस क्वालिटी किंवा बॅलन्स्डवर, रे ट्रेसिंग बेताचं ठेवून, बहुतेक कथेचे गेम ते १२० हर्ट्झच्या टीव्हीवर समाधानाने चालवतं. सायबरपंक २०७७ पूर्ण पाथ ट्रेसिंगवर खेळायचं तुमचं स्वप्न असल्याचं लिहिलंय, तेही परफॉर्मन्स सेटिंग आणि दुप्पट जनरेशनने बऱ्याच अंशी पुरं होईल. त्याच गेमसाठी एक-दोन पायऱ्या वर हव्यात असं परीक्षेनंतरही वाटलं तर ५०८० घ्या, त्यात काही गैर नाही. पाथ ट्रेसिंगचं तेवढं आकर्षण नसेल तर एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी जरूर पाहा. साध्या प्रकाशयोजनेत ते ५०७० टीआयच्या जवळपास जातं, मेमरी तितकीच १६ जीबी, आणि जाहीर किंमत दीडशे डॉलर कमी होती. पाथ ट्रेसिंगमध्ये मात्र ते मागे पडतं, आणि एफएसआर ४ चालणारे गेम डीएलएसएसच्या मानाने कमी आहेत. साधं ५०७० तुम्हाला सुचवणार नाही. १२ जीबी मेमरी फोर-केला, विशेषतः पाथ ट्रेसिंग आणि फ्रेम जनरेशन एकत्र लावल्यावर, तोकडी पडते. मेमरी कमी पडल्याचा त्रास काय असतो ते ३०७० वर तुम्ही अनुभवलंच आहे. मधूनच झटका बसतो, टेक्श्चर उशिरा उमटतात, आणि सरासरीच्या आकड्यात ते दिसतही नाही.

थांबावं का, असंही काहीजण विचारतील. मेमरीच्या चिप २०२५ च्या अखेरीस फार महागल्या, त्यामुळे थोडं थांबलं की स्वस्त होईल हा जुना ठोकताळा सध्या भरवशाचा नाही. गरज पक्की झाली आणि भाव जाहीर किमतीच्या फार वर नसला तर घ्यावं.

मग ५०९० कुणी घ्यावं? फोर-के २४० हर्ट्झचा ३२ इंची मॉनिटर दोन फुटांवर ठेवून खेळणाऱ्याने, कारण तिथे बारकावे खरंच दिसतात. व्हीआरचा मोठा नाद असणाऱ्याने. थ्रीडी रेंडरिंग करणाऱ्याने किंवा घरच्या पीसीवर एआयची मोठी मॉडेल चालवणाऱ्याने, ज्याला ३२ जीबी मेमरी कामातून पैसे परत मिळवून देते. यांच्यापैकी कुणी हे पत्र वाचत असेल तर त्याला माझा सल्ला वेगळा असेल.

बिलाशिवायच्या ४०९० ला स्पष्ट नाही म्हणा. कार्ड म्हणून ते उत्तम आहे, २४ जीबी मेमरी आहे, आणि एआयच्या कामासाठी मागणी असल्यामुळेच त्याचा भाव उतरत नाही. पण त्याच मागणीमुळे मधली मुख्य चिप आणि मेमरी काढून घेतलेली रिकामी ४०९० कार्डं विकली गेल्याची प्रकरणंही उघडकीस आली आहेत. शिवाय २०२२ च्या अखेरीस या कार्डांच्या १६ पिनांच्या वीजजोडणीची टोकं वितळल्याच्या तक्रारी आल्या होत्या. कुणी जुनं घ्यायचंच ठरवलं असेल तर विकणाऱ्याच्या घरी, त्याच्याच पीसीवर अर्धा तास जड गेम चालवून बघा. तापमान, पंख्यांचा आवाज, पडद्यावर ठिपके येतात का, मेमरी पूर्ण दिसते का, हे सगळं पाहा, आणि कनेक्टर काढून पिनांवर काळपट डाग आहेत का ते टॉर्चच्या उजेडात तपासा. मूळ बिल आणि सिरीयल नंबर जुळले पाहिजेत. वॉरंटीसाठी काही कंपन्या सिरीयल नंबर पाहतात, काही बिल मागतात. मित्राच्या ओळखीतला माणूस असेल तर कार्ड बिघडल्यावर मैत्रीतही कटुता येते.

एसएमपीएसचा हिशेब कार्डाबरोबरच करा, नंतर नको. एनव्हिडिया ५०७० टीआयला ७५० वॉट, ५०८० ला ८५० आणि ५०९० ला १००० वॉटचा एसएमपीएस सुचवते. तुमचा ६५० चा आहे आणि चार वर्षांहून जुना आहे, तेव्हा तो बदलावाच लागेल. चांगल्या कंपनीचा, नव्या १६ पिनांच्या केबलचा ८५० वॉटचा घ्या, म्हणजे पुढच्या कार्डालाही चालेल. केबल पूर्ण आत बसवा आणि कनेक्टरजवळच वाकवू नका. कॅबिनेटमध्ये लांबी-जाडी मावते का तेही मोजा, आजची कार्डं तीन-तीन खणांची जागा खातात. ५०९० चा पीसी भर खेळात भिंतीतून ८०० वॉटच्या आसपास ओढू शकतो, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन हॉलमध्येच पसरते. एप्रिल-मेमध्ये मुलगी शेजारच्या खोलीत झोपली असताना एसी आणि पंख्यांचा आवाज हाही विचार करण्यासारखा मुद्दा आहे. घरातला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस जेमतेम ३६० वॉटचा असतो. त्याच्या भरवशावर यांतलं कोणतंच कार्ड चालवू नका.

पत्नीच्या त्या वाक्याबद्दल. "तुझे पैसे, तू ठरव" म्हणजे राग, असं तुम्ही गृहीत धरलंय. असेलही. पण त्यांना तुम्ही पूर्ण आकडा सांगितला आहे का? पत्रावरून वाटतं की कार्डाची किंमत सांगितली, एसएमपीएस, प्रोसेसर, हॉलमध्ये पीसी कुठे ठेवायचा, टीव्ही कुणाला कधी मिळणार, हे बोलणं झालेलं नाही. हॉल दोघांचा आहे. त्या परीक्षेच्या संध्याकाळी कीबोर्ड त्यांच्या हातात असेलच, तेव्हा याही गोष्टी सहज निघतील. किती खर्च, कोणत्या वेळी खेळणार, आवाज किती, आणि उरलेल्या रकमेचं काय करायचं, हे एकत्र ठरवलं तर 'तू ठरव' मधला दुरावा राहणार नाही. त्यांना नुसतं पटवू नका, खरंच विचारा.

आणि गेम कित्येक आठवडे उघडला नाही, याची मला कार्डापेक्षा जास्त काळजी वाटली. तुम्ही लिहिलंय, "आता ३०७० वर खेळलं की सगळं धुरकट वाटतं." चित्र तेच आहे. रोज रात्री दुसऱ्यांच्या पीसीवरचे आकडे पाहिल्यामुळे स्वतःचा पीसी उणा वाटू लागला आहे. ही सवय कार्ड बदलल्याने जाईलच असं नाही, कारण ५०९० घेतल्यावरही तुलना करायला काहीतरी निघतंच, प्रोसेसर, मॉनिटर, पुढची मालिका. म्हणून निर्णय होईपर्यंत व्हिडिओ बंद ठेवा आणि अर्धवट राहिलेला एखादा गेम १४४०पीवर, टेबलावर, पुढे न्या. खेळावंसं वाटलं तर नव्या कार्डाचा आनंद नक्की होईल. अनेक दिवस वाटलंच नाही, तर पैसे घाईने घालवू नका. कदाचित सध्या तुम्हाला झोप आणि मोकळा वेळ हवा आहे, आणि दोन वर्षांच्या मुलीच्या बापाला तसं वाटणं अगदी साहजिक आहे.

घ्यायचं ठरलं की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यातल्या दोन-तीन दुकानांत एकाच दिवशी भाव विचारा आणि ऑनलाइनशी ताडून बघा. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. वॉरंटीचं काम शहरात होतं की कार्ड बाहेरगावी पाठवावं लागतं, हे पैसे देण्याआधी विचारा. खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि पहिल्या आठवड्यातच कार्डाला भरपूर राबवून घ्या, म्हणजे काही दोष असेल तर तो बदलून मिळण्याच्या मुदतीत समोर येईल.

परीक्षा झाल्यावर तीन आकडे मला कळवा: सोफ्याचं मोजलेलं अंतर, ज्याच्या पुढे तुम्हाला फरक कळला नाही तो फ्रेमचा आकडा, आणि ७२०पीवर आलेला प्रोसेसरचा माथा. ५०७० टीआय पुरेल की ५०८० कडे जावं, आणि आधी कार्ड की आधी प्रोसेसर, हे त्यावरून नेमकं सांगता येईल.